हाताने फुंकायची सनई

माझ्या शेडमध्ये सध्या एक पेटी उभी आहे. कमरेइतकी उंच, बाजूला कडबाकुट्टीच्या मशीनचं हँडल आणि माथ्यावर लाकडाच्या आठ नळ्या, वीतभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंत. येणारा प्रत्येक जण आधी त्या हँडलला हात घालतो. कुणाला ती रसवंती वाटते, कुणाला पिठाची गिरणी. एकाने विचारलं, "मिस्तरी, हळद पॉलिश करायचं बारकं मशीन बनवून राहिले का?" त्याला मी सरळ बाहेर काढलं. माझं डोकं लवकर तापतं. बायको म्हणते, या घरात तुमच्यापेक्षा तुमचा रंधा मवाळ आहे.

तर हा हाताने फिरवायचा ऑर्गन आहे. आहे म्हणजे, व्हायचा आहे. परदेशात म्हातारी माणसं असली पेटी रस्त्याच्या कडेला उभी करतात आणि हँडल फिरवतात. आत भोकं पाडलेली कागदाची पट्टी सरकत राहते, जिथे भोक येईल त्या नळीत वारं जातं आणि ती नळी गाते. हे मला गेल्या वर्षी दिवाळीनंतर मोबाइलवर दिसलं. औंढ्याला एका घराचं दार बसवून मी जरा टेकलो होतो. व्हिडिओतल्या म्हाताऱ्याची भाषा मला कळत नव्हती, पण मी पाहत होतो ते त्याचं तोंड. बासरीसारखं गाणं चाललेलं आणि याचं तोंड मिटलेलं. मधेच त्याने खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं, निवांत चघळलं, आणि सूर तिळभर हलला नाही. फुंकणारा माणूस चघळतो आहे! मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा लावला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मला माझा दोस्त आठवला होता.

दोस्त म्हणजे आमच्या गावचा सनईवाला. आम्ही एका वयाचे, शाळेतून एकाच दिवशी पळालेले. त्याच्या बापाने त्याच्या हातात सनई दिली, माझ्या बापाने माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस दिला. गावची रीत अशी, की सासरी निघालेली मुलगी वेशीवर मारुतीपुढे गाडीतून उतरते, पाया पडते आणि तिथे पाठवणीची सनई वाजते. ती वाजल्याशिवाय गाडी हलत नाही. तीस वर्षांतल्या गावच्या सगळ्या लेकी त्याच्या सनईवर गेल्या. माझीही गेली. त्या दिवशी सकाळपासून मी सगळ्यांवर खेकसत फिरत होतो, आणि त्याने पहिला सूर लावला तसा मारुतीच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडलो.

पण सनईवर पोट भरत नाही. हळदीच्या हंगामात तो पॉलिशच्या ड्रमवर मजुरीला जायचा. वीस-बावीस हंगाम ती पिवळी धूळ त्याने नाकातोंडातून आत घेतली. तीन वर्षांपूर्वी खोकला लागला तो गेलाच नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं, फुप्फुसं आखडली आहेत, आता फुंकायचं नाव काढू नका. चार पावलं चालला की तो भिंत धरतो. सनई त्याने फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मग गावच्या मुली स्पीकरच्या गाण्यावर सासरी जाऊ लागल्या. पहिल्या वेळी लोक हळहळले, तिसऱ्या वेळेपर्यंत सवय झाली.

आणि आता त्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. शिरड शहापूरकडचा एक सनईवाला आणू, असं भावकीने ठरवलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "आना. पन मी वेशीपतोर येनार न्हाई. दुसऱ्याच्या फुंकीवर माझं लेकरू जाताना मला पाहावनार न्हाई." बायकोने विनवलं, मुलीने रडून पाहिलं. तो हलला नाही. बाप जिवंत असून मुलीला वेशीवरून बापावाचून जावं लागणार होतं. मी चिडून बोललो, "असा कसा रे बाप तू?" तर म्हणाला, "तुझे हात गेले असते आन् तुझ्या लेकीच्या मांडवाची मेढ दुसऱ्या सुतारानं रोवली असती, मंग कळलं असतं तुला."

म्हणून तो म्हातारा पाहिला आणि वाटलं, फुंकायला तोंडच लागतं असं कुठे आहे? फुंकणारा हात असला तर?

मी त्याच आठवड्यात कामाला लागलो. नकाशा नाही, पुस्तक नाही, होता तो व्हिडिओ. चित्र थांबवायचं आणि पडद्यावर फुटपट्टी लावायची. पण पडद्यावरच्या इंचाचा खरा इंच किती? यात दोन दिवस गेले. मग ध्यानात आलं, की म्हातारा एके ठिकाणी नळीवर अंगठा ठेवतो. अंगठा माणसाचा, इकडचा काय अन् तिकडचा काय, थोडाफार सारखाच. त्याचा अंगठा म्हणजे माझा अंगठा असं धरून मी सगळी मापं काढली. बायकोने पाहिलं तेव्हा मी मोबाइलशेजारी अंगठा धरून बसलो होतो. ती म्हणाली, "आता फोनवर बी अंगठा द्यावा लागतो व्हय?"

लाकूड शिवणीचं घेतलं. हलकं असतं, आणि हवेनुसार फार फुगत नाही की आखडत नाही. चार बारीक पट्ट्यांची लांब डबी, बुडाशी एक ठोकळा आणि त्यात नखाएवढी फट. फटीच्या जरा वर समोरच्या पट्टीला तिरका काप, ओठासारखा, धारदार. वरच्या तोंडात चामडं गुंडाळलेलं बूच. एवढीच नळी. दाराच्या एका कडीला याहून जास्त अक्कल लागते असं मला वाटलं. दोन दिवसांत नळी केली, बुडातून फुंकली. फुस्स. दुसरी केली. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. संक्रांत जवळ आली तोवर अशा दहा नळ्या चुलीत गेल्या, आणि त्या चुलीवरच्या भाकरीही मी रागारागाने खाल्ल्या.

अकराव्या नळीला मी ओठ सूतभर वर घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही, हाताने घेतला. नळी बाकावर आडवी धरून फुंकली आणि ती बोलली. मोठा आवाज नव्हता. संध्याकाळी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडून एखादा पक्षी ओरडावा, तेवढाच. पण बाकावर त्या ओठासमोर सांडलेला बारीक भुसा थरथरला आणि जागच्या जागी उठून उभा राहिला. मी फुंकायचा थांबलो, भुसा खाली बसला. फुंकलं, उठला. चाळीस वर्षं मी लाकूड कापतो, तासतो, त्याच्या नावाने शिव्या देतो, आणि माझ्या हाताखालच्या चार फळकुटांना आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि विचारलं, "कोन आलं?" तिला खरंच कुणी माणूस आल्यासारखं वाटलं होतं. मी नळी तिच्यासमोर धरून पुन्हा फुंकली.

दुसऱ्या दिवशी नळी घेऊन दोस्ताकडे गेलो. तो दारात बाजेवर उन्हाला बसला होता. काही न सांगता मी नळी फुंकली. त्याने डोळे मिटले.

"खाली हाय," तो म्हणाला.

"काय खाली हाय?"

"सूर. बूच जरासं आत दाब. आनखी. तांदळाच्या दान्याएवढं. बस. आता बराबर हाय."

त्याच्या हाताशी ताडून पाहायला कोणतंही वाद्य नव्हतं. तीन वर्षांत त्याने सूर लावला नव्हता. औंढ्याच्या देवळात भजनाला हार्मोनियम वाजवणाऱ्याकडे मी ती नळी नंतर मुद्दाम नेली, आणि हार्मोनियमच्या स्वराला ती केसाइतकीही वर-खाली नव्हती. माणसाच्या कानात काय ठेवलेलं असतं, या विचाराने मला त्या दिवशी रिक्षातून गाव कधी आलं ते कळलं नाही.

दोस्ताला मी तिथेच बाजेवर बसून सगळा बेत सांगितला. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "वाजवनार कोन?"

"कागद."

तो हसला. हसता हसता ढास लागली, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "माझ्या लेकीची पाठवनी कागद वाजवनार! बरं हाय. कान देतो तुला, दुसरं काय मागू नको."

"पन वेशीवर येशील?"

"पाहू," तो म्हणाला. आधीचा 'न्हाई' जाऊन 'पाहू' आला होता. तेवढं घेऊन मी घरी आलो.

मग भाता. औंढ्याला एक म्हातारा लोहार आहे, त्याची भट्टी आता विजेच्या पंख्यावर चालते, पण जुना भाता त्याने टाकलेला नाही. त्याने मला मेंढीचं कातडं कसं ओलं करायचं, घडी कुठे मारायची, सरस किती गरम लावायचा, हे सगळं एका दुपारी शिकवलं. दोन भाते केले. हँडल फिरलं की एक भरतो, दुसरा रिकामा होतो. दोघांचं वारं वरच्या तिसऱ्या पिशवीत साठतं आणि पिशवीवर वीट ठेवली की ते एकसारखं बाहेर येतं. होळीच्या आसपास हे जोडून झालं. हँडल चार वेळा फिरवून मी हात काढला आणि ती पिशवी वर आली, थांबली, आणि हळूहळू खाली बसत गेली. मी तिच्यावर तळहात ठेवला. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसं वाटलं. बायको लांबूनच म्हणाली, "मी न्हाई बाई हात लावनार. जितं हाय ते."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढची चूक माझी, आणि ती माझ्या घराण्याने माझ्या हातात घातलेली. आम्ही तिफणी करणारे सुतार. आता ट्रॅक्टरने पेरणी होते, पण माझा बाप पंचक्रोशीत तिफणीसाठी नावाजलेला. तिफण म्हणजे पेरणीचं लाकडी औत. वर चाडं नावाचा वाडगा, त्यात बाई मुठीने बियाणं सोडते. चाड्याच्या बुडाला तीन भोकं, प्रत्येक भोकाची नळी एकेका तासात, म्हणजे जमिनीतल्या चरीत, उतरते. भोकं सारखी नसली तर एका तासात दाट उगवतं, एका तासात विरळ, आणि सुतार कसा आहे ते रस्त्याने जाणारा येणारा चार महिने शेतात वाचत राहतो. बाप म्हणायचा, "तिन्ही तासांला सारखं पडलं पायजे. एकाला सख्खं, एकाला सावत्र करू नको." हे मी त्याच्या मारासकट शिकलो होतो.

ऑर्गनमध्ये वाऱ्याच्या पेटीवर आठ नळ्या बसवायच्या होत्या. मी पाहिलं आणि खूश झालो. हे तर चाडंच! बियाण्याऐवजी वारं, एवढाच फरक. गिरमिटाने आठही भोकं अशी पाडली, की एकातली खुंटी दुसऱ्यात घट्ट बसावी. प्रत्येक नळी एकेकटी ऐकता यावी म्हणून भोकांवर चामड्याच्या झडपा बसवल्या आणि प्रत्येकीला एक दांडी दिली, दाबली की झडप उघडणारी. कागदाची पट्टी चालू झाली की या दांड्या काढून टाकायच्या होत्या. हँडल फिरवलं आणि एकेक दांडी दाबली. मधल्या चार नळ्या छान बोलल्या. मोठ्या दोघी नुसत्या सुस्कारत होत्या. लहान दोघी अशा किंचाळल्या, की दारातला कुत्रा उठून गेला.

मी नळ्यांवर संशय घेतला. लहान नळी पुन्हा केली, दोनदा केली. मोठीचा ओठ वर घेतला, खाली घेतला, नवीन पट्टी लावली. सरस बदलला. पाडवा गेला तरी तेच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी शिवणीला, मेंढीला, व्हिडिओतल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना बोल लावले. भोकांकडे मात्र माझी नजर एकदाही गेली नाही. ती बरोबरच होती, बापाने पाहिली असती तर पाठ थोपटली असती.

शेवटी दोस्ताला बोलावलं. त्याच्या घरापासून माझी शेड दोनशे पावलं. तो तीन ठिकाणी टेकत आला आणि स्टुलावर बसला. मी हँडल फिरवून एकेक नळी ऐकवली.

"ही मोठी धापा टाकून राहिली," तो म्हणाला. "माझ्यावानी. आन् ह्या बारक्या कोकलून राहिल्या. खाली भोकं कशी हायेत?"

"समदी सारखी. सुताचा फरक काढून दाखव."

"तेच तं. बैलाला आन् वासराला एकच पेंढी टाकतो का तू?"

मी भडकलो. चाळीस वर्षं भोकं पाडणाऱ्याला चाळीस वर्षं फुंकणारा शिकवणार! "सुतारकी मला शिकवू नको," असं म्हणालो, आणि आणखीही बरंच काही म्हणालो. त्याच्याजवळ भांडण्याइतका दम नव्हता. "मोठ्या सुराला पोटातून लागतं, बारक्याला व्हटावरून," एवढं बोलून उठला आणि टेकत टेकत गेला. तो पाठमोरा जाताना मला माझी लाज वाटली.

तो गेल्यावर मी मोठ्यांची भोकं वाढवली. लहानांची भोकं खुंट्या ठोकून बुजवली आणि त्या खुंट्यांत बारीक भोकं पाडली. आठ भोकं, आठ मापं. माझ्या हाताने असलं ओबडधोबड काम कधी केलं नव्हतं. मग हँडल फिरवलं आणि खालपासून वरपर्यंत एकेक दांडी दाबत गेलो. आठही नळ्या बोलल्या, ओढाताण न करता, एकीमागून दुसरी, पायऱ्या चढाव्यात तशा. माझा हात दांडीवर तसाच राहिला. मी मोठ्याने "अरे देवा" म्हणालो, शेडमध्ये कुणी नव्हतं तरी. मग मी तेच परत परत वाजवत बसलो, आणि बऱ्याच वेळाने बाहेर खोकल्याचा आवाज आला. दोस्त होता. घरी बाजेवर पडल्या पडल्या त्याने ऐकलं होतं आणि न बोलावता उठून आला होता. त्याने आत येऊन दोन बुचं जराशी आत दाबली आणि स्टुलावर बसला. आमच्यात माफी वगैरे मागायची पद्धत नाही. मी त्याला चहा दिला.

पण घोडामैदान जवळ आलं होतं. लग्नाला नऊ दिवस राहिले होते आणि कागदाची पट्टी सरकवणारं यंत्र अजून पाटीवरच्या रेघांतच होतं. ते चूक शोधण्यातले दिवस हातात असते तर झालं असतं. मी दोस्ताला खरं ते सांगितलं, की पेटी आपोआप वाजणार नाही, मला जमलं नाही. मुलीला दिलेला शब्द नव्हता तो, तरी मोडल्यासारखा वाटत होता.

तो स्टूल पेटीजवळ सरकवून बसला. मग त्याने त्या आठ दांड्यांवर बोटं ठेवली. झडपा तपासायला केलेल्या, रंधासुद्धा नीट न मारलेल्या दांड्या. त्याची बोटं थोडी अडखळली, मग आपापली जागा धरून बसली.

"वारं कोन देईल?" त्याने विचारलं.

"मी हाय की."

"मंग फिरव."

नऊ दिवस आम्ही दुपारी बसलो, ऊन तापून गाव आडवं झालं की. पहिल्या दिवशी मी हँडल एका चालीने फिरवत होतो आणि स्वतःवर खूश होतो. तो चिडला. "गिरनी चालवून राहिला का? मानूस कुटं असा फुंकतो? माझ्या छातीकडं पाह्य." मी पाहिलं. वाजवताना त्याचे गाल फुगत होते, ओठ आवळत होते, मान ताठ होत होती. तोंडात सनई नव्हती, पण त्याचं सगळं अंग फुंकत होतं. ओळ संपत आली की त्याची छाती खाली जायची आणि मग तो श्वास घ्यायचा. त्या श्वासाला मला हात थांबवायचा होता. पिशवी खाली बसायची, सूर मवाळ होऊन विझायचा, आणि त्याची छाती भरली की माझं हँडल पुन्हा सुटायचं. सनई वाजवताना तो कुठे श्वास घेतो हे मी आयुष्यभर ऐकून मला माहीत नव्हतं. आता ते माझ्या खांद्यात बसलं. पाचव्या दिवशी मी त्याच्याकडे न पाहता थांबलो आणि तोही तिथेच थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जगात इतकं मोठं काही माझ्या हातून याआधी झालं नव्हतं.

आवाज सनईचा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पाव्यासारखा होता, गोल, जरा दबलेला. त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सनई न्हाई ती. पन माझी हाय." वेशीवर येणार का, हे मी पुन्हा विचारलं नाही. भीती वाटत होती. शिरड शहापूरच्या सनईवाल्याला मात्र भावकीने माझ्या शब्दावर नको म्हणून कळवलं होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर पेटी हातगाडीवरून वेशीवर नेली आणि मारुतीच्या ओट्यावर ठेवली. पोरं जमलीच. "मिस्तरी, गोळ्याचा बरफ कुटं हाय?" एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. मी त्याला एक ठेवून देणार होतो, पण ओट्याच्या पलीकडून आवाज आला, "मिस्तरी, डोकं शांत ठेव. हात हलंल." दोस्त आधीच येऊन बसला होता. नवा सदरा, कपाळाला बुक्का. घरून निघायला आणि टेकत टेकत पोचायला त्याला वेळ लागणार म्हणून पंगत उठायच्या आतच तो निघाला होता, कुणालाही न सांगता.

जीप आली. मुलगी उतरली, खाली मान घालून मारुतीपुढे गेली, पाया पडली. तिला ठाऊक होतं बाप येणार नाही, म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. मग पहिला सूर निघाला. तिने वर पाहिलं. बाप ओट्यावर बसलेला, गाल फुगवून, हाताखाली ते लाकडाचं खोकं. ती हातातला नारळ टाकून धावत आली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्याने बोटं उचलली नाहीत. उचलता येत नव्हती, वाजवत होता. मी हँडल फिरवत होतो आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं, पण ते डोळ्यांचं काम नव्हतंच. हसणारी पोरं ओट्याला चिकटून ऐकत होती. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वाजणाऱ्या त्या आठ नळ्या मीच चिकटवलेल्या होत्या, त्यांतली सरसाची गाठन् गाठ माझ्या ओळखीची होती, आणि तरीही हे कुठून येतं आहे ते मला समजत नव्हतं.

चाल संपली. तिला बायकांनी उठवून जीपमध्ये बसवलं. आमच्याकडे शेवटचा सूर गाडी दिसेनाशी होईपर्यंत धरून ठेवायचा असतो, लेकीच्या पाठीवर हात असल्यासारखा. त्याने मोठ्या नळीची दांडी दाबली. जीप हलली, पाटाच्या पुलावर चढली, पलीकडे उतरली. धुरळा उडाला आणि त्या धुरळ्यात ती दिसेनाशी झाली. लोक पांगायला लागले. माझा खांदा भरून आला होता. मी त्याच्या छातीकडे पाहिलं, ती खालीवर होत होती, आणि बोट दांडीवर तसंच होतं.

"थांबू का?" मी विचारलं.

"नगं," तो म्हणाला. "रस्ता खराब हाय. आजून लई लांब गेली नसंल ती."

मी फिरवत राहिलो.